कार्डावरचा मजकूर आणि भोवतालचा डाव: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

संग्रहणीय कार्ड-खेळांत हजारो कार्डे निघतात आणि त्यांपैकी मोजकीच लोकांच्या तोंडी राहतात. असे का होते, हे नव्या खेळाडूला समजेल अशा पद्धतीने मांडणारी संदर्भपुस्तिका तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. अभ्यासासाठी तीन खेळ निवडले आहेत: रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला आणि १९९३ मध्ये बाजारात आलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’, १९९६ मध्ये जपानी आणि १९९९ मध्ये इंग्रजी रूपात आलेला ‘पोकेमॉन’, आणि कोनामी या कंपनीने १९९९ मध्ये सुरू केलेला ‘यू-गी-ओह!’. पुस्तिकेत प्रत्येक कार्डाला एक पान मिळेल आणि त्या पानावर ‘हे कार्ड लोकप्रिय का?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर असेल.

‘लोकप्रिय’ हा शब्द सैलपणे वापरला तर सगळे काम वाया जाईल, म्हणून सुरुवातीलाच तीन रकाने आखले आहेत. काही कार्डे पुष्कळ डेकमध्ये, म्हणजे खेळाडूंनी डावासाठी बांधलेल्या गठ्ठ्यांत, खेळली जातात, काही पुष्कळ लोक जपून ठेवतात, तर काही पुष्कळांच्या आठवणीत असतात. एखादे कार्ड तिन्ही रकान्यांत बसते तेव्हा त्याचे कौतुक होतेच, परंतु माझ्या दृष्टीने अधिक बोलकी ठरतात ती एकाच रकान्यात ठळकपणे बसणारी कार्डे, कारण लोकप्रियतेचे एकेक कारण त्यांच्यात सुटे करून पाहता येते.

११ जानेवारी

आजचा दिवस ‘दुर्मीळ म्हणून लोकप्रिय’ या स्पष्टीकरणाची तपासणी करण्यात गेला. कोणालाही विचारले तर हेच उत्तर सर्वांत आधी मिळते आणि ‘ब्लॅक लोटस’चे उदाहरण दिले जाते. मॅजिकच्या पहिल्या, म्हणजे अल्फा आवृत्तीत प्रत्येक रेअर (क्वचित मिळणाऱ्या दर्जाच्या) कार्डाच्या सुमारे १,१०० प्रती छापल्या गेल्या, बीटा आवृत्तीत सुमारे ३,३०० आणि अनलिमिटेड आवृत्तीत सुमारे १८,५००. ब्लॅक लोटस हे त्यांपैकी एक रेअर कार्ड होय. मात्र त्याच आवृत्त्यांत ‘केऑसलेस’ नावाचेही एक रेअर कार्ड होते. एखाद्या स्पेलचा (खेळल्या जात असलेल्या कार्डाचा) किंवा पटावरील कार्डाचा रंग बदलून लाल करणे, एवढेच त्याचे काम. दोन्ही कार्डे सारख्याच प्रमाणात छापली गेली, सारख्याच पॅकमधून निघाली आणि दोघांचे वयही सारखे आहे. तरीही पहिल्याचे नाव खेळ न खेळणाऱ्यांनीही ऐकलेले असते, तर दुसऱ्याचे नाव जुन्या संग्राहकांखेरीज फारसे कोणी घेत नाही.

फरक पाहायचा तर डावाची पहिली पाळी पाहावी. कार्डे खेळण्यासाठी ‘माना’ ही शक्ती खर्चावी लागते आणि ती ‘लँड’ कार्डांतून मिळते. खेळाडू एका पाळीत एकच लँड खाली ठेवू शकतो, म्हणजे पहिल्या पाळीत साधारणपणे एकच माना हाती येतो. ब्लॅक लोटस फुकट खेळता येते आणि त्याचा बळी दिला की कोणत्याही एका रंगाचे तीन माना मिळतात. ज्या खेळाडूने ते पहिल्याच पाळीत उतरवले, तो चौथ्या पाळीचा खेळ पहिल्या पाळीत खेळू लागतो. त्यासाठी विशिष्ट रंगाचा किंवा विशिष्ट योजनेचा डेक लागत नाही. खेळातील सर्वांत मूळ वस्तू म्हणजे वेळ, आणि हे कार्ड वेळच देते. यामुळेच जवळजवळ सर्व जुनी कार्डे चालणाऱ्या व्हिंटेज या फॉरमॅटमध्येही (खेळण्याच्या नियमप्रकारातही) त्याची एकच प्रत बाळगण्याची मर्यादा आहे.

दुर्मीळता निरर्थक आहे असे यावरून म्हणता येणार नाही. १९९५ मध्ये ‘क्रॉनिकल्स’ या संचात जुनी कार्डे पुन्हा छापली गेली तेव्हा संग्राहक इतके संतापले की प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९६ मध्ये ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’ जाहीर केली. त्या यादीतील कार्डे खेळता येतील अशा स्वरूपात पुन्हा छापली जाणार नाहीत, असे ते वचन होते. ब्लॅक लोटस त्या यादीत आहे. माझा निष्कर्ष असा की लोकांचे प्रेम आधीच जडलेले असेल तर दुर्मीळता ते टिकवून धरते आणि वाढवते. नसलेले प्रेम निर्माण करणे तिच्याने होत नाही.

१४ जानेवारी

आकडेवारीविषयी दोन पथ्ये ठरवली. स्पर्धांमधून प्रसिद्ध होणाऱ्या डेक-याद्या बहुधा जिंकणाऱ्यांच्या असतात, त्यामुळे घरी मित्रांबरोबर खेळणाऱ्या मोठ्या वर्गाची आवड त्यांत उमटत नाही. दुसरे असे की मॅजिकमधील निळे कार्ड निळ्या डेकमध्येच बसते, म्हणून त्याचे प्रमाण सर्व डेकवरून न काढता ज्या डेकमध्ये ते नियमाने बसू शकते तेवढ्यांवरूनच काढावे. हा भागाकार नीट केला नाही तर कोणत्याही डेकमध्ये बसणारी रंगहीन कार्डे उगाचच सर्वांत लाडकी दिसू लागतात.

२२ जानेवारी

पोकेमॉनच्या पहिल्या इंग्रजी संचातील १०२ कार्डांपैकी चौथ्या क्रमांकाचे ‘चारिझार्ड’ आज तपासले. या कार्डावर मला मोठे पान लिहायचे आहे, कारण ‘जपले जाणे’ आणि ‘खेळले जाणे’ यांतील अंतर इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

कागदावर हे कार्ड भव्य आहे. १२० एचपी (मार सोसण्याची क्षमता) आणि १०० चा हल्ला, या दोन्हींहून मोठे आकडे त्या संचात नाहीत. परंतु ते पटावर आणण्यासाठी आधी चारमँडर, मग चारमिलियन अशा दोन पायऱ्या चढाव्या लागतात. हल्ल्यासाठी चार ऊर्जा लागतात आणि प्रत्येक हल्ल्यानंतर दोन ऊर्जा-कार्डे टाकून द्यावी लागतात. त्याच संचात ‘एनर्जी रिमूव्हल’ हे ट्रेनर कार्ड होते. ते खेळले की प्रतिस्पर्ध्याचे कष्टाने जोडलेले ऊर्जा-कार्ड गळून पडते, आणि त्या काळी एका पाळीत ट्रेनर कार्डे हवी तितकी खेळता येत. अशा वातावरणात चार ऊर्जांची वाट पाहणारे कार्ड सहसा उपाशीच राहते.

स्पर्धांमध्ये त्याऐवजी ‘हेमेकर’ नावाने ओळखले जाणारे डेक गाजले. त्यातील हिटमोनचॅन हे कार्ड कोणतीही पायरी न चढता थेट खाली ठेवता येते, त्याला ७० एचपी असतात आणि अवघ्या एका ऊर्जेत ते २० चा हल्ला करते. पहिल्याच पाळीपासून ते ठोसे मारू लागते आणि समोरच्याला उभे राहायला वेळ देत नाही. निर्णय कार्यक्षमतेवर अवलंबून असता तर आज काचेच्या पेटीत हिटमोनचॅन दिसले असते.

मग चारिझार्डच का? मित्सुहिरो अरिता यांचे चित्र, त्यावरची चमकणारी होलो पार्श्वभूमी, ज्या प्राण्याला मुले आधीच व्हिडिओ गेममधून ओळखत होती त्याचे सर्वांत समर्थ रूप, आणि वाचताक्षणी कळणारे दोन मोठे आकडे ही सारी कारणे खरी आहेत. मला त्यांतले शेवटचे विशेष महत्त्वाचे वाटते. १९९९ मध्ये ही कार्डे गोळा करणाऱ्या मुलांपैकी अनेक जण नियमांनुसार खेळतच नव्हते. जो खेळत नाही त्याला कार्डाची ताकद कार्डावरच वाचावी लागते, आणि तशा वाचनात चारिझार्ड अजिंक्य आहे. ऊर्जा जोडण्यातले कष्ट प्रत्यक्ष डावातच जाणवतात. अदलाबदलीच्या घोळक्यात ते कोणाला दिसत नाहीत. ती मुले मोठी झाली आणि हाती पैसे आल्यावर बालपणी न मिळालेले तेच कार्ड शोधू लागली, इथवरची साखळी सरळ आहे.

२५ जानेवारी

चित्राचा प्रभाव वेगळा काढून मोजता येईल का, हा प्रश्न मनात होता. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ‘इव्हॉल्व्हिंग स्काइज’ या पोकेमॉन संचात त्याची तयार सोय सापडली. त्यात ‘अंब्रियन व्हीमॅक्स’ हे कार्ड साध्या चित्रासह आहे आणि २०३ क्रमांकांच्या संचात २१५ वा क्रमांक मिरवणाऱ्या पर्यायी चित्रासहही आहे. दोन्हींचे एचपी तेच, हल्ला तोच, क्षमता तीच. पर्यायी चित्रात अंब्रियन रात्रीच्या वेळी उंच इमारतीवर चढून चंद्राकडे झेपावलेला दिसतो. खेळाडूंनी या आवृत्तीला ‘मूनब्रियन’ असे लाडके नाव दिले, साध्या आवृत्तीला काहीच नाव मिळाले नाही. दोघांच्या किमतीत पडणारे प्रचंड अंतर पाहताना पर्यायी चित्र पॅकमधून फार क्वचित निघते हे लक्षात ठेवले पाहिजे. पण इतक्याच क्वचित निघणारी आणि तरीही मागे पडलेली कार्डे त्या संचात आहेत, तेव्हा चित्राचे श्रेय चित्राला द्यायलाच हवे.

२ फेब्रुवारी

‘रिस्टिक स्टडी’. या प्रकल्पाला त्याची मुख्य दिशा ज्या कार्डाने दिली ते हे कार्ड.

हे कार्ड २००० साली मॅजिकच्या ‘प्रॉफेसी’ संचात आले, तेही कॉमन म्हणून, म्हणजे सर्वांत सहज मिळणाऱ्या दर्जाचे. तीन माना देऊन ते पटावर ठेवायचे. त्यानंतर प्रतिस्पर्धी जेव्हा जेव्हा स्पेल खेळेल तेव्हा त्याने एक जादा माना भरला नाही तर आपण एक कार्ड खेचायचे. दोघांच्या डावात याची मातब्बरी बेताची आहे. समोर एकच माणूस असतो. तो सावधपणे एक माना राखून खेळतो आणि तीन माना खर्चून ठेवलेले हे कार्ड नुसते बसून राहते. बरीच वर्षे त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

पुढे खेळाडूंनी स्वतःच रूढ केलेला ‘कमांडर’ हा फॉरमॅट पसरला आणि २०११ पासून प्रकाशक त्यासाठी तयार डेकही काढू लागला. यात साधारणपणे चार जण एकत्र बसतात, प्रत्येकाचा डेक १०० कार्डांचा असतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४० जीवनगुण (ते संपले की खेळाडू हरतो) असल्यामुळे डाव लांबतो. आता तेच कार्ड पाहा. समोर एकाऐवजी तिघे आहेत आणि तिघांनी प्रत्येकी एक स्पेल जरी खेळला तरी एका फेरीत तीनदा प्रश्न उभा राहतो. डाव लांब असल्यामुळे अशा फेऱ्याही पुष्कळ होतात. त्यातच प्रत्येकाला वाटते की आपण माना का अडकवून ठेवावा, पुढचा भरेल. आणि तिघांनाही तसेच वाटल्यामुळे कार्डाच्या मालकाचा हात भरत जातो. मजकुरात काहीही बदल झालेला नाही. टेबलाभोवतीच्या खुर्च्या तेवढ्या वाढल्या.

याच कार्डात आठवणीत राहण्याचेही एक कारण दडलेले आहे. दर स्पेलच्या वेळी मालकाला ‘एक भरणार का?’ असे विचारावे लागते. हा प्रश्न डावभर कानांवर पडत राहतो, त्याने कोणी वैतागतो, कोणी हसतो, आणि डाव संपल्यावर बाकी सारे विसरले तरी तो प्रश्न विसरला जात नाही. ज्या कार्डामुळे खेळाडूंना एकमेकांशी काहीतरी बोलावे लागते त्याची चर्चा आपोआप होते. पुढे पाहायच्या प्रत्येक कार्डासाठी ‘हे कार्ड खेळताना तोंडाने काय बोलावे लागते?’ असा नवा रकाना जोडला आहे.

३ फेब्रुवारी

कालच्या विचाराला आकड्यांचा आधार शोधला. ६० कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या चार प्रती असतील तर सुरुवातीच्या सात कार्डांत किमान एक प्रत येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. कमांडरमध्ये मूळ लँड वगळता कोणत्याही कार्डाची एकच प्रत चालते; डेकचे नायक-कार्ड (कमांडर) बाजूला ठेवल्यावर उरलेल्या ९९ मधून सात खेचली तर विशिष्ट कार्ड हाती येण्याची शक्यता जेमतेम ७ टक्के. म्हणजेच एखादे नेमके कार्ड हाती येईलच, असे धरून या फॉरमॅटमध्ये योजना आखता येत नाही. परिणामी कोणत्याही हातात आणि कोणत्याही वेळी उपयोगी पडणाऱ्या कार्डांना मागणी येते, तसेच नेहमी उपलब्ध असणाऱ्या नायक-कार्डाभोवती लोकांचे प्रेम गोळा होते.

‘सोल रिंग’ याचा उत्तम नमुना आहे. एक माना देऊन ठेवले की दर पाळीला दोन रंगहीन माना देणारे हे कार्ड १९९३ पासून आहे, कमांडरच्या जवळजवळ प्रत्येक तयार डेकमध्ये ते मिळते आणि म्हणून नव्या खेळाडूकडेही पहिल्या दिवसापासून असते. अत्यंत सुलभ असूनही ते अत्यंत लोकप्रिय आहे. ११ जानेवारीच्या नोंदीशेजारी हे पान ठेवायचे.

१२ फेब्रुवारी

मॅजिकमधील आजची दोन कार्डे उशिरा ओळखली गेलेली आहेत.

‘नेक्रोपोटन्स’ १९९५ च्या ‘आइस एज’ संचात आले. आपली नेहमीची कार्ड खेचण्याची संधी सोडायची आणि त्याऐवजी स्वतःचा एकेक जीवनगुण देऊन हवी तितकी कार्डे घ्यायची, असा त्याचा सौदा. अनेकांनी सुरुवातीला ते मोडीत काढले, कारण जीवनगुण उधळणे म्हणजे हरणे अशीच तेव्हाची समजूत होती. शिवाय ‘ब्लॅक व्हाइस’ हे कार्ड तेव्हा सर्रास खेळले जाई आणि चारांपेक्षा जास्त कार्डे हातात धरणाऱ्याला दर पाळीला इजा करी. हात भरणाऱ्या नेक्रोपोटन्सला त्यापेक्षा वाईट शेजारी मिळाला नसता. ब्लॅक व्हाइसवर मर्यादा आली आणि १९९६ च्या उन्हाळ्यात नेक्रोपोटन्सच्या काळ्या डेकनी असा धुमाकूळ घातला की तो काळ ‘ब्लॅक समर’ म्हणूनच ओळखला जातो. शेवटचा जीवनगुण जाईपर्यंत आपण हरत नाही, तोवर जीवनगुण हे चलन आहे, हा धडा एका पिढीने या कार्डाकडून घेतला.

‘टार्मोगॉइफ’ २००७ च्या ‘फ्युचर साइट’ संचातले. सर्वांच्या ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगांत) मिळून कार्डांचे जितके प्रकार पडलेले असतील तितकी त्याची ताकद. कार्डावरच्या कंसातील सूचनेत ‘प्लेन्सवॉकर’ या प्रकाराचा उल्लेख होता, जो खेळात अजून आलेलाच नव्हता. त्यामुळे लोक ती सूचना कुतूहलाने वाचत राहिले आणि दोन मानांत केवढा मोठा प्राणी मिळतो आहे याकडे बऱ्याच जणांचे लक्ष उशिरा गेले. पुढे मॉडर्न फॉरमॅटमध्ये ते हिरव्या डेकचा कणा बनले. त्याच्या प्रती पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये एका मानात त्याला मारणारे ‘फेटल पुश’ आल्यावर त्याचा दरारा ओसरू लागला. अशा कार्डांच्या पानावर लोकप्रियतेचा काळही लिहावा लागेल, केवळ ‘लोकप्रिय’ म्हणून भागणार नाही.

१६ फेब्रुवारी

लोकप्रियता लोकप्रियतेतूनच वाढते का, या प्रश्नासाठी कार्ड-खेळांबाहेरचा एक प्रयोग वाचला. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक सहभागींना अपरिचित बँडांची ४८ गाणी देण्यात आली; काहींना आधीच्यांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले हे दिसत होते, काहींना दिसत नव्हते. इतरांची पसंती दिसणाऱ्यांना एकमेकांपासून अलग अशा आठ गटांत विभागले होते. त्या गटांत लोकप्रिय आणि अप्रिय गाण्यांमधील दरी रुंदावली, आणि कोणते गाणे वर येईल हे गटागणिक बदलले. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते.

डेक बांधणारा खेळाडू अगदी याच स्थितीत असतो. तो इतरांच्या याद्या पाहून कार्डे निवडतो आणि त्याची यादी पुढच्याला दिसते. मधल्या दर्जाच्या दोन कार्डांपैकी एकच प्रसिद्ध का झाले याचे कारण कार्डात शोधत बसू नये, अशी सूचना प्रस्तावनेत घालणार आहे.

२३ फेब्रुवारी

‘ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन’ हे यू-गी-ओह!मधील कार्ड मला या प्रकल्पातले सर्वांत हृद्य उदाहरण वाटते. ३,००० हल्ला, २,५०० बचाव. पण कोणतीही विशेष क्षमता नाही आणि नेहमीच्या मार्गाने खाली ठेवण्यासाठी आपलेच दोन प्राणी बळी द्यावे लागतात. खेळ जसा वेगवान होत गेला तसे हे कार्ड स्वबळावर टिकण्याची शक्यता मावळली. तरी ज्या कथेवर हा खेळ उभा आहे तिच्यात जगात त्याच्या चारच प्रती आहेत आणि नायकाचा प्रतिस्पर्धी त्यांच्यासाठी जीव टाकतो, हे प्रत्येक चाहत्याला पाठ होते. प्रेम होते, बळ नव्हते.

पुढे जे घडले त्याने माझी कारण-परिणामाची मांडणी उलट्या बाजूनेही तपासायला लावली. कोनामीने या ड्रॅगनला हात देणारी नवनवी कार्डे काढली: त्याला गठ्ठ्यातून शोधून आणणारी, बळी न देता पटावर उतरवणारी, त्याच्याशी जोडी जमवणारी. २०१६ मध्ये ‘ब्लू-आइज अल्टरनेटिव्ह व्हाइट ड्रॅगन’ आणि त्याच्यासोबतची कार्डे आली, आणि त्याच वर्षीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ब्लू-आइज डेकने जिंकली. ताकदीमुळे लोकप्रियता येते हे सर्वांना मान्य असते. इथे लोकप्रियतेने ताकद खेचून आणली. लोकांना जे आवडते त्यासाठी नवे कार्ड काढले तर ते विकले जाणार हे प्रकाशकाला ठाऊक असते, आणि त्या हिशेबातून जुन्या प्रेमाला दुसरे आयुष्य मिळते.

१ मार्च

बंदी घातलेल्या कार्डांचे पान थोडक्यात आटोपले. यू-गी-ओह!मधील ‘पॉट ऑफ ग्रीड’ कोणतीही अट न घालता दोन कार्डे देते. २००५ पासून इंग्रजी खेळात त्यावर बंदी आहे, तरी नवे कार्ड खेचून देणारे कार्ड आले की तुलना त्याच्याशीच होते. मॅजिकमधील ‘जेस, द माइंड स्कल्प्टर’ २०१० मध्ये आले, २०११ मध्ये स्टँडर्ड या फॉरमॅटमधून हद्दपार झाले आणि २०१८ मध्ये मॉडर्नमधील त्यावरची बंदी उठली तेव्हा आता सगळे त्याच्या ताब्यात जाणार अशी अनेकांना धास्ती वाटली. तसे घडले नाही. बंदीच्या काळात नावाभोवती वलय वाढत राहिले होते आणि दरम्यान खेळ बराच पुढे निघून गेला होता.

८ मार्च

‘लाइटनिंग बोल्ट’च्या पानावर आज काम केले. एक लाल माना, तीन इजा, हव्या त्या लक्ष्यावर. १९९३ च्या अल्फापासून असलेल्या या कॉमन कार्डाला उशिरा ओळख मिळावी लागली नाही, कथेचा टेकू लागला नाही आणि खुर्च्यांची संख्याही वाढावी लागली नाही. त्यामुळे आतापर्यंतच्या स्पष्टीकरणांपैकी एकही त्याला पुरते लागू पडत नव्हते. उत्तर त्याच्या गैरहजेरीत सापडले. १९९५ च्या ‘फोर्थ एडिशन’नंतर मॅजिकच्या मूळ संचांतून ते नाहीसे झाले आणि थेट २००९ च्या ‘मॅजिक २०१०’ मध्ये परतले. त्या मधल्या काळात लाल रंगाची इजा करणारी जी जी कार्डे आली त्यांचे वर्णन लोक बोल्टच्या भाषेतच करीत: हे एक माना महाग बोल्ट, ते फक्त खेळाडूला लागणारे बोल्ट. कोणताही नवा स्वस्त प्राणी आला की तो तीन इजा सोसतो का, हा पहिला प्रश्न आजही विचारला जातो, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या डेकमध्ये बोल्ट असतेच असे नाही.

त्यामुळे पुस्तिकेत पाचवा रकाना जोडत आहे: ‘इतर कार्डे मोजण्यासाठी वापरले जाते का?’ या रकान्यात सध्या लाइटनिंग बोल्ट आणि पॉट ऑफ ग्रीड ही दोन नावे निश्चित आहेत. पुढच्या आठवड्यात सोल रिंगचे पान याच कसोटीवर पुन्हा लावून पाहायचे आहे, आणि पोकेमॉनच्या बाजूला दोन कार्डे देणारे ‘बिल’ व हात टाकून सात कार्डे देणारे ‘प्रोफेसर ओक’ यांपैकी कोणाला हा मान जातो ते जुन्या डेक-याद्यांवरून ठरवायचे आहे.